सांगलीत बसून अमेरिकाज कप बघणारं कोणी आहे का?

आयर्विनकर (धागाकर्ता)

मंडळी, क्रिकेट, कुस्ती, बैलगाडा यांच्या धाग्यांचा इथे रतीब चालू असतो. शिडाच्या होड्यांच्या शर्यतीवर मात्र एकही धागा सापडेना, म्हणून मीच काढतोय. आम्ही पडलो कृष्णाकाठचे. समुद्र बघायचा तर सह्याद्री ओलांडून रत्नागिरी गाठायची. तरीही बार्सिलोनात २०२४ साली झालेला अमेरिकाज कप मी जवळजवळ सगळा बघितला, आणि आता नेपल्सच्या २०२७ ची वाट बघतोय. घरचे म्हणतात, याला वारं लागलंय.

ज्यांच्यासाठी हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. १८५१ साली इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटाभोवती एक शर्यत झाली आणि ती 'अमेरिका' नावाच्या होडीने जिंकली. चषकाला नाव त्या होडीचं आहे, देशाचं नाही. तिथून १९८३ पर्यंत, म्हणजे १३२ वर्षं, तो न्यूयॉर्क यॉट क्लबच्या ताब्यातून हललाच नाही. ज्याच्याकडे चषक तो आधीच अंतिम सामन्यात. बाकीचे संघ आपसांत लढतात, त्यातून एक आव्हानवीर निघतो, आणि शेवटी दोनच होड्या समोरासमोर. रौप्य-कांस्य असला काही प्रकार नाही.

आता होडी. हल्लीच्या होडीला एसी-७५ म्हणतात. ७५ फूट लांब, साडेसव्वीस मीटर उंच डोलकाठी, आणि बुडाला वजनदार कणा नाही. नुसती उभी केली तर आडवी पडेल. दोन्ही बाजूंना दोन हात आहेत, त्यांच्या टोकाला पाण्यात चालणारे पंख, त्यांना फॉइल म्हणतात. वेग आला की हे पंख सबंध होडी पाण्याबाहेर उचलतात. मग पाण्यात उरतं काय, तर एका बाजूचा पंख आणि मागचं सुकाणू. सहा टनांहून जड धूड पाण्याच्या वर तरंगत ५० नॉटच्या पुढे, म्हणजे ताशी ९२ किलोमीटरहून जास्त वेगाने जातं. इंजिन नाही. वाऱ्याचा वेग २० नॉटच्या आतबाहेर असताना हे सगळं चालतं.

पण वेगासाठी बघायचं तर मोटारींच्या शर्यती काय कमी आहेत? माझं म्हणणं असं की हा खेळ बघायचा म्हणजे वारा बघायचा, आणि वारा तर दिसत नाही. सबंध मजा इथेच आहे. दोन होड्या शेजारून निघतात. एक डावीकडे जाते, एक उजवीकडे. बघणाऱ्याला वाटतं, या एकमेकींपासून लांब कशाला चालल्यात? तर डाव्या बाजूला दोन नॉट वारा जास्त आहे असं एकीला वाटलेलं असतं आणि दुसरीला तसं वाटलेलं नसतं. चार मिनिटांनी परत समोरासमोर येतात तेव्हा कोण बरोबर होतं ते कळतं. टीव्हीवर पाण्यावर रंगीत रेघा काढतात, अंतर दाखवतात, मैदानाची हद्द दाखवतात. त्या रेघा काढून टाका, निव्वळ दोन पांढरी शिडं उरतील आणि पाच मिनिटांत जांभया येतील.

आणि सुरुवात! शर्यत बंदुकीच्या आवाजावर उभ्याने सुटत नाही. सुरुवातीची रेघ पाण्यावर काल्पनिक. शून्य वाजायच्या आधी दोन मिनिटांच्या आसपास दोन्ही होड्या विरुद्ध बाजूंनी रेघेमागच्या आखलेल्या चौकात शिरतात आणि एकमेकींभोवती फिरायला लागतात. हे आपल्याला शिकवायला नको. दोन मल्ल हात पुढे करून एकमेकांचा अंदाज घेत गोल फिरतात, मान धरतात, सोडतात, तसंच. एकीला दुसरीच्या वाऱ्यात आडवं यायचं असतं, नियमाच्या कात्रीत पकडायचं असतं, आणि ठीक शून्यावर पूर्ण वेगात रेघ ओलांडायची असते. क्षणभर आधी गेलात तर दंड. क्षणभर उशीर झाला तर समोरच्याच्या शिडांनी नासवलेला वारा तुमच्या वाट्याला. बऱ्याचदा निम्मी शर्यत इथेच संपते.

जुन्या शर्यती अधिकृत यूट्यूब चॅनेलवर आहेत. कोणी बघत असेल तर हात वर करा. नसेल बघत तर शिव्या घाला, धागा तरी हलेल.

मार्केटयार्ड

हा घ्या, हलवला.

भावा, होडीची शर्यत बघायची तर पावसाळ्यात पुलावर उभं राहायचं. सांगलीवाडी, डिग्रज, समडोळीची पोरं वल्ही मारतात, पाठीची कातडी सोलून निघते. इथे होडी हवेत, माणसं हेल्मेट घालून आत लपलेली, पडद्यावर नुसते आकडे. ह्यात माणूस कुठाय?

आयर्विनकर

माणूस आहे, आणि तो घामाने निथळतोय. बार्सिलोनाच्या होडीत आठ जण होते. दोन सुकाणूवाले, दोन शिडं सांभाळणारे, आणि उरलेले चौघे काय करतात? सायकल मारतात. खरंच. शिडं ओढायला जो हायड्रॉलिक दाब लागतो तो बॅटरीतून घ्यायला तेव्हा बंदी होती, तो माणसाच्या ताकदीतूनच यायला हवा होता. पूर्वी हाताने हँडल फिरवायचे. २०१७ ला बर्म्युडात न्यूझीलंडने शांतपणे सायकली बसवल्या, कारण पायात हातापेक्षा ताकद जास्त. त्यांच्या संघात सायमन व्हॅन वेल्टहूव्हन होता, लंडन ऑलिम्पिकमध्ये सायकलिंगचं कांस्यपदक मिळवलेला गडी. शिडाच्या होडीवर ऑलिम्पिकचा सायकलपटू! बाकीचे बघत बसले आणि न्यूझीलंडने अमेरिकेला ७-१ ने धुतलं.

मार्केटयार्ड

सायकलवाल्याचं पटलं. बाकीचं अजून नाही.

वालचंदी_मेकॅनिकल

शेवटी माझ्या विषयावर धागा आला. थोडं यंत्रशास्त्र सांगतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. त्यामुळे विमानाला जेवढे पंख लागतात त्याच्या मानाने हे पंख अगदीच छोटे असून भागतं. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, उचल चौपट. म्हणून कमी वेगात होडी पोटावर सरपटते आणि एका ठरावीक वेगाला एकदम उठते. पोट पाण्याबाहेर आलं की घर्षण गेलं, वेग आणखी वाढला. आता उचल जास्त व्हायला लागते, मग पंखाच्या मागच्या कडेची झडप वळवून ती कमी करायची, नाहीतर पंखच पाण्याबाहेर येईल आणि होडी आपटेल. एक माणूस सतत हेच करत असतो.

वाऱ्यापेक्षा जास्त वेगाने होडी कशी जाते, हा नेहमीचा प्रश्न. होडी पळायला लागली की तिला स्वतःच्या वेगाचा वारा समोरून लागतो. खरा वारा आणि हा समोरचा वारा मिळून जो होतो, तोच शिडाला जाणवतो. वेग वाढेल तसा तो आणखी जोरकस होतो आणि आणखी समोरून येतो. म्हणून ह्या होड्या वाऱ्याच्या दिशेने जातानासुद्धा शिडं ताणून घट्ट ओढलेली दिसतील. पाठीमागून वारा घेऊन फुगलेलं शीड हे चित्र डोक्यातून काढून टाका. सरळ वाऱ्याबरोबर गेलं तर वाऱ्याहून जास्त वेग मिळणारच नाही, त्यामुळे जातानाही नागमोडी, येतानाही नागमोडी.

आणि एक भिंत आहे. ५० नॉटच्या आसपास पंखाच्या वरच्या बाजूला दाब इतका पडतो की पाणी थंड असतानाच उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. त्याला कॅव्हिटेशन म्हणतात. आपल्याकडच्या पंपवाल्यांना हा शब्द शिकवायला नको, पाण्याच्या मोटारीचा इम्पेलर त्यानेच खातो. तिथून पुढचा प्रत्येक नॉट पंखाच्या आकारावर डोकं फोडून मिळवावा लागतो. म्हणून संघ आपले पंख झाकून ठेवतात.

आयर्विनकर

झाकण्यावरून आठवलं. १९८३ ला न्यूपोर्टला 'ऑस्ट्रेलिया टू' पाण्याबाहेर काढली की बुडाभोवती कापडाचा घागरा लावायचे. आत बेन लेक्सनने केलेला पंखांचा कणा होता. सात शर्यतींच्या सामन्यात ऑस्ट्रेलिया ३-१ ने मागे होती, तिथून ४-३. १३२ वर्षांची मक्तेदारी संपली ती त्या घागऱ्याखालच्या वस्तूमुळे.

शंकेखोर

छान. आता कोणीतरी खर्चाचं पण बोला. चषक एक, त्यामागे अब्जाधीश पाच. २०१० ला तर निव्वळ दोन श्रीमंतांचं भांडण होतं, न्यूयॉर्कच्या कोर्टात वर्षानुवर्षं, आणि शेवटी वाळूत रेघोट्या माराव्यात तशा दोन शर्यती. १९८८ ला तर कहर. न्यूझीलंडने प्रचंड मोठी एक-बुडी होडी आणली, अमेरिकेने समोर हलकी दोन-बुडी उतरवली. म्हणजे सामना सुरू व्हायच्या आधीच निकाल, आणि मग परत कोर्ट. खेळ म्हणायचा की बांधाचा दावा?

आयर्विनकर

दावाच म्हणा. या चषकाचा कारभार एका दानपत्रावर चालतो, पहिलं १८५७ चं, आत्ताचं १८८७ चं. सांगलीत ज्यांच्या घरात जमिनीचे जुने कागद आहेत त्यांना हे चटकन कळेल. एकेका शब्दावर वकील जगलेत. मला तर तेही आवडतं. होडी बांधायच्या आधी नियम वाचायचा, आणि जे 'चालणार नाही' असं लिहायला विसरलेत ते करून दाखवायचं. सायकली तिथूनच आल्या, हवेत उडणंही तिथूनच.

शंकेखोर, उडण्याचा किस्सा तुमच्यासाठी. २०१३ च्या ७२ फुटी दोन-बुडी होड्या उडू नयेत असाच नियम करणाऱ्यांचा विचार होता. न्यूझीलंडने २०१२ मध्येच नियमाच्या आत बसणारे पंख शोधून काढले आणि आख्खी होडी उचलून दाखवली. मग सगळ्यांना पळापळ करावी लागली.

विश्रामबागची_मावशी

बाळांनो, मीही बघते बरं का. मुलगा ऑकलंडला असतो, त्याने लावली सवय. २०२१ ला तिकडे शर्यती होत्या तेव्हा आपल्याकडे सकाळचे पावणेनऊ वाजायचे. डबे झालेले, पूजा झालेली, मी भाजी निवडत टीव्हीसमोर. पहिले काही दिवस मला कळायचं नाही कोण पुढे आहे. मग मुलाने सांगितलं, "आई, होडीकडे बघू नकोस, खाली मीटर लिहिलेत ते बघ." तेव्हापासून सोपं झालं.

ती आठवी शर्यत मी विसरणार नाही. न्यूझीलंड ४-३ ने पुढे. वारा अगदीच पडलेला. न्यूझीलंडची होडी वळताना पंखावरून खाली आली आणि पाण्यात बसली ती बसलीच. इटलीची लूना रोसा उडत उडत दोन किलोमीटर लांब निघून गेली. मी म्हटलं, झालं, ४-४. उठून चहा टाकला. आतून मुलाचा फोन, "आई टीव्ही बघ!" बघते तर इटलीची पण बसलेली! कडेला वळायला गेली आणि वारा संपला. एवढं उंच शीड, आणि होडी गोगलगायीसारखी. तोवर न्यूझीलंडची परत उठली होती. ती शेजारून भर्रकन गेली. जवळजवळ चार मिनिटांनी जिंकले.

तिथल्या लोकांचा जीव आहे हो त्यात. १९९५ ला त्यांचे पीटर ब्लेक लाल मोजे घालून होडीत बसायचे, तर सगळ्या देशाने लाल मोजे घेतले म्हणे. म्हणूनच पुढचा कप बार्सिलोनाला नेला तेव्हा लोक फार चिडले. चषक आपला, समुद्र आपला, आणि शर्यत स्पेनला? पैशासाठी. मुलगा अजून त्या विषयावर तावातावाने बोलतो.

मार्केटयार्ड

मावशी, तुमच्या चहामुळे इटली बुडाली.

पवनचक्कीवाला

साताऱ्याहून. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीत आयुष्य चाललंय, त्यामुळे मावशींनी सांगितलेली ती आठवी शर्यत मी वेगळ्याच नजरेने बघितली होती.

लोकांना वाटतं वारा म्हणजे एक सलग गोष्ट. तसं नसतं. तो ठिगळाठिगळाने येतो. एका चक्कीला भरपूर, पलीकडच्या टेकाडावरची नुसती आळस देतेय, हे आम्ही रोज बघतो. वर जास्त असतो, जमिनीलगत किंवा पाण्यालगत कमी. साडेसव्वीस मीटरच्या डोलकाठीच्या टोकाला जो वारा आहे तो खाली माणसाच्या तोंडावर नसतो. आणि दिशा वर-खाली थोडी वेगळी असते. म्हणून शिडाला पीळ दिलेला असतो, नीट बघा, वरचं टोक जास्त उघडं असतं.

बार्सिलोनात नियम होता की साडेसहा नॉटच्या खाली आणि २१ नॉटच्या वर शर्यत सोडायची नाही. खालची मर्यादा जास्त मनोरंजक. सात-आठ नॉटमध्ये होडी एकदा उठली की उडत राहते, कारण स्वतःचा वारा स्वतः तयार करते. पण एकदा बसली की परत उठायला जास्त वारा लागतो. म्हणून अशा दिवशी वेगाकडे बघू नका. वळणं बघा. वळण वाचवलं त्याने शर्यत वाचवली. लांबचा रस्ता घेतील पण वळणार नाहीत.

अजून एक युक्ती. पडद्यावरच्या रेघांवर विसंबू नका. पाण्याचा रंग बघा. हेलिकॉप्टरमधून दाखवतात तेव्हा काळपट चट्टे दिसतात, तिथे जोर आहे. गुळगुळीत चकाकणारं पाणी म्हणजे वारा नाही. बामणोलीला शिवसागरच्या काठावर उन्हाळ्यात दुपारी तास दोन तास बसा, डोळा तयार होतो.

आयर्विनकर

हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा. काळपट चट्ट्यांचं लक्षात ठेवून काल रात्री बार्सिलोनाची पाचवी-सहावी शर्यत परत बघितली. न्यूझीलंड ४-० ने पुढे होतं आणि ब्रिटनने तिथून दोन ओळीने घेतल्या. आता कळतंय.

कृष्णाकाठ_बातमीदार

अवांतर : आज पुलाखाली पाणी किती आहे कोणी सांगेल का?

मार्केटयार्ड

पाणीपातळीचा धागा वेगळा आहे, तिथे विचारा. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, अजून लांब आहे. झोपा.

वल्हेकरी

मी सांगलीवाडीकडच्या एका होडीत वल्हं मारतो. मार्केटयार्डवाले दादा, आमची बाजू घेतली म्हणून आभार, पण मला ह्या होड्या लई आवडल्या. काल पहिल्यांदाच बघितल्या.

आमच्यात मागं बसून जो सुकाणूचं वल्हं धरतो ना, त्याच्यावर सगळा खेळ. सरळ पल्ल्यात आम्ही जीव काढतो, पण वळणाच्या पिंपाला त्याने वल्हं कधी दाबलं यावर होडी आत वळते का बाहेर फेकली जाते ते ठरतं. तो जवळ जवळ ओरडतोच आमच्यावर, "डावी थांब, उजवी मार!" नदी फुगलेली असली तर मध्ये ओढ जास्त, काठाला कमी, ते त्याला पाण्याच्या सळीवरून कळतं. पवनचक्कीवाल्या काकांनी वाऱ्याचं सांगितलं तेव्हा मला तेच वाटलं.

माझा प्रश्न : दोन सुकाणूवाले कशाला? आमच्यात दोन ठेवले तर होडी काठाला लागेल.

आयर्विनकर

प्रश्न झकास. पूर्वी एकच असायचा, आणि होडी वळली की एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पळत जायचा. एसी-७५ वळते तेव्हा वेग इतका असतो की मधून पळणं धोक्याचं, आणि हवेचा अडथळाही होतो. २०२१ ला इटलीने एका बाजूला जिमी स्पिटहिल आणि दुसऱ्या बाजूला फ्रान्सेस्को ब्रूनी बसवला. जो बाजूला येईल तो चालवणार, दुसरा तोवर वारा आणि समोरची होडी बघणार. लोक हसले होते. २०२४ ला सगळ्यांनीच तसं केलं, न्यूझीलंडने पीटर बर्लिंग आणि नेथन आउटरिज. त्यांचं आपसातलं बोलणं ऐकू येतं, तेच ऐकायचं असतं. ओरडत नाहीत. ताशी ९० किलोमीटरवर भाजी घेतल्यासारखे बोलतात.

वल्हेकरी

आमच्या सुकाणूवाल्याला ऐकवतो. सुधारणार नाही तो.

चहाबाज

कोणी लिप्टनचं सांगितलंच नाही! चहावाला सर थॉमस लिप्टन. १८९९ ते १९३० मध्ये पाच वेळा चषकावर चाल करून गेला, होडीचं नाव प्रत्येक वेळी 'शॅमरॉक'. पाचही वेळा हरला. आणि इतक्या दिलदारपणे हरला की अमेरिकन लोकांनीच वर्गणी काढून त्याला सोन्याचा चषक दिला. चहा मात्र अमेरिकेत तुफान खपला. हा माणूस हरला असं कोण म्हणेल?

शंकेखोर

म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं. जाहिरात.

चहाबाज

जाहिरात करण्यासाठी तीस वर्षं होड्या बांधत बसणारा धंदेवाला मला दाखवा, मी त्याला चहा पाजतो. लिप्टनचा नव्हे, गणपती पेठेतला.

मार्केटयार्ड

मला एक सांगा. सांगलीने आव्हान दिलं तर? आमच्याकडे क्लब आहेत, होड्या आहेत, पाणी तर इतकं आहे की २०१९ ला घरात आलं होतं.

आयर्विनकर

दानपत्र आडवं येतं. आव्हान देणाऱ्या क्लबची वार्षिक शर्यत समुद्रात किंवा समुद्राच्या फाट्यात व्हायला पाहिजे. कृष्णेवर भागायचं नाही. पण हाय खाऊ नका. स्वित्झर्लंडला समुद्र कुठाय? जिनिव्हाच्या क्लबने अलिंगी होडी घेऊन २००३ ला ऑकलंडमध्ये न्यूझीलंडला ५-० ने हरवलं. सुकाणूवर रसेल कूट्स, जो आधी न्यूझीलंडकडूनच दोनदा जिंकला होता. मग चषक आल्प्सच्या पायथ्याशी गेला आणि घरी समुद्र नाही म्हणून २००७ ची शर्यत स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला घ्यावी लागली. आपण रत्नागिरीला घेऊ.

मार्केटयार्ड

रत्नागिरीकर भाडं लावतील.

साताऱ्याची_पोर

मी इथे नवी आहे. कॉलेजात आहे, तारिणीवरच्या मुलींमुळे ह्या विषयाकडे वळले. २०१७-१८ ला लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा अधिकारी मुली पृथ्वीला वळसा घालून आल्या, ती होडी गोव्यात बांधलेली. दिलीप दोंदे त्याआधी 'म्हादेई'वरून एकटे जाऊन आले होते. ते सगळं वाचताना कळलं की आपल्याकडे लांब पल्ल्याची परंपरा तयार होतेय, पण असल्या उडणाऱ्या होड्यांत भारताचं कोणीच नाही.

बार्सिलोनात पहिल्यांदाच महिलांचा अमेरिकाज कप झाला. छोट्या ४० फुटी होड्या, उडणाऱ्याच. इटलीच्या मुलींनी जिंकला. मला ती शर्यत मोठ्यांपेक्षा जास्त आवडली, कारण सगळ्यांच्या होड्या अगदी सारख्या. फरक फक्त डोक्याचा. मोठ्या कपात कोणाच्या होडीचा पंख चांगला हेच निम्मं ठरलेलं असतं. आयर्विनकर काका, तुम्ही म्हणता वारा बघायचा. मग वारा बघायला सारख्या होड्याच बऱ्या नाहीत का? सेलजीपी नावाची स्पर्धा बघा. पन्नास फुटी दोन-बुडी होड्या, सगळ्यांना एकच साचा, आणि एकाच वेळी दहा-बारा पाण्यावर. वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेलाय.

आयर्विनकर

मुद्दा बिनतोड आहे, पण मला पटत नाही. सेलजीपी मी बघतो. छान आहे, शनिवार-रविवारी दोन तासांत आटोपतं. प्रत्येक होडीची सगळी माहिती सगळ्या संघांना उघडी, लपवाछपवी नाही. तिथे खेळाडू मोठा. पण अमेरिकाज कपमध्ये तीन वर्षं कुणीतरी बंद खोलीत बसून पैज लावलेली असते की त्या महिन्यात तिथे हलका वारा असेल का जोराचा. मोठे पंख केले तर हलक्या वाऱ्यात लवकर उठतील पण जोरात अडतील. छोटे केले तर उलटं. म्हणजे वारा तीन वर्षं आधीच बघावा लागतो. मी त्यावर फिदा आहे.

आणि सारख्या होड्या असत्या तर २०१३ झालंच नसतं. न्यूझीलंड ८-१ ने पुढे, एक शर्यत हवी. तेराव्या शर्यतीत इतके पुढे होते की चषक हातात आल्यात जमा, पण वारा पडला, ४० मिनिटांची मुदत संपली, शर्यत रद्द. दरम्यान अमेरिकेचे लोक रात्र रात्र जागून होडीत फेरफार करत होते आणि रोज थोडी थोडी जोरात पळत होती. ओळीने आठ जिंकले, ९-८. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजायचे.

पवनचक्कीवाला

पोरीचं बरोबर आहे आणि तुमचंही. पण एक विचारतो. नेपल्सला सायकली काढून बॅटरी घालणार आहेत असं वाचलं. खरं का? मग तुम्ही वर मार्केटयार्डवाल्यांना सांगितलेला घाम कुठे गेला?

मार्केटयार्ड

मी हेच विचारणार होतो!!

आयर्विनकर

खरं आहे. २०२७ ला होडीत पाच जण, त्यात किमान एक महिला, आणि शिडांचं काम बॅटरीवर. खरं तर पंखांचे हात उचलायला बॅटरी २०२१ पासूनच होती, माणसाची ताकद शिडांपुरती होती. तीही आता जाणार. मला आवडलेलं नाही. खर्च वाचेल, बायकांना मुख्य होडीत जागा मिळेल, हे दोन्ही मान्य. पण जागा सायकल न काढताही देता आली असती.

साताऱ्याची_पोर

आली असती, पण हल्ली दिली का कोणी? चार जागा वजनदार मांड्यांसाठी राखून ठेवल्या की उरलेल्या चारात कोण बसणार ते ठरलेलंच. मला बॅटरी चालेल.

विश्रामबागची_मावशी

बरोबर बोललीस.

वालचंदी_मेकॅनिकल

तांत्रिक बाजूने सांगतो. चार माणसं आणि सायकली काढल्या की वजन घटतं, हवेचा अडथळा घटतो. सायकलवाल्यांची दमछाक झाली की शिडाच्या हालचाली मोजूनमापून कराव्या लागायच्या, ती कंजूषी संपेल. म्हणजे शीड सतत हलवत ठेवता येईल. सुरुवातीच्या त्या गोल फिरण्यात जास्त वळणं दिसतील असा माझा अंदाज. बघायला बरंच होईल.

मार्केटयार्ड

ठरलं. मी २०२७ ला न्यूझीलंडच्या विरोधात. त्यांचा तो बर्लिंग कुठंय आता?

आयर्विनकर

इटलीकडे गेला. २०१७, २०२१, २०२४, तीन वेळा न्यूझीलंडला जिंकून देऊन लूना रोसात. मावशी, तुमच्या मुलाला हे विचारू नका.

विश्रामबागची_मावशी

विचारून झालंय. फोन ठेवला त्याने.

वल्हेकरी

नेपल्सला आपल्याकडे किती वाजता लागेल? जुलैत आमचा सराव सुरू होतो, संध्याकाळी नदीवर असतो.

आयर्विनकर

वेळापत्रक बघून टाकतो. बार्सिलोनात तिथले दुपारचे दोन म्हणजे आपले साडेपाच व्हायचे, इटलीचं घड्याळही तेच. सराव करून या, पूर्ण शर्यत नंतर चॅनेलवर येते. निकाल कोणी इथे लगेच टाकायचा नाही, मार्केटयार्ड, तुम्हाला म्हणतोय.

मार्केटयार्ड

मी निकाल टाकणार नाही. फक्त शीर्षकात लिहीन.